नायकाचे गुडघे

गेल्या डिसेंबरात माझे मामा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी जळगावला आले आणि आठ दिवस आमच्याकडे राहिले. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. शहात्तर वर्षांच्या माणसाला हा जिना जड जाणार हे दिसत असूनही, दवाखाना जवळ पडतो एवढ्या एकाच कारणावर त्यांनी दोन्ही भाच्यांपैकी माझे घर निवडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, थेंबांचे वेळापत्रक दिले, वाकू नका, डोळा चोळू नका, डोक्यावरून आंघोळ करू नका अशी नेहमीची पथ्ये सांगितली आणि जाता जाता, थोडा वेळ टीव्ही पाहायला हरकत नाही, असेही म्हणाले. बाकीची पथ्ये मामांना रोज आठवण करून द्यावी लागली. ही परवानगी मात्र त्यांनी एकदाही विसरू दिली नाही. दिवसभर भरिताची वांगी या वर्षी काय भावाने चालली आहेत याची चौकशी करायची आणि रात्री जेवण आटोपले की काळा चष्मा लावून टीव्हीसमोर बसायचे, असा क्रम ठरून गेला. त्या चष्म्यात ते ऐंशीच्या दशकातल्या हिंदी चित्रपटांतल्या तस्करासारखे दिसत, आणि हे माझ्या मुलीने तोंडावर सांगितल्यावर त्यांना मनापासून आनंद झाला.

मामा अमळनेरला एका थिएटरात तीस वर्षांहून अधिक काळ ऑपरेटर होते. अमुक सिनेमा पाहिला असे ते कधी म्हणत नाहीत. चालवला असे म्हणतात. ‘शोले’ त्यांनी चालवला, ‘जय संतोषी माँ’ चालवला, आणि एक अक्षर इंग्रजी येत नसताना ‘रॅम्बो’ही तीन आठवडे चालवला. मशीन रूममधल्या चौकोनी झरोक्यातून पडदा पाहणाऱ्या माणसाला पडद्याच्या अलीकडची डोकीही दिसतात. त्यामुळे सिनेमाविषयीचे त्यांचे ज्ञान निम्मे पडद्याचे आणि निम्मे प्रेक्षकांच्या डोक्यांचे आहे. कोणत्या रिळाला पिटातली माणसे पुढे सरकून बसतात, कोणत्या गाण्याला बिड्या प्यायला बाहेर जातात, कोणत्या ठोशाला चिल्लर उधळली जाते, हे त्यांना आजही रिळाच्या आकड्यासह सांगता येते. मी गेली वीसेक वर्षे चित्रपटांवर हौशीने लिहितो आहे; पण त्या आठ दिवसांत माझ्या ध्यानात आले की, ज्या प्रश्नाविषयी मी वाचून वाचून मत बनवले होते त्याची दुसरी बाजू मामांच्या झरोक्यातून दिसते. प्रश्न असा, की आयुष्यभर मारामारी करून मोठा झालेला नट म्हातारपणी गंभीर भूमिका करतो तेव्हा नेमके काय घडते.

विषय निघाला तो धर्मेंद्रवरून. २४ नोव्हेंबर २०२५ रोजी धर्मेंद्र गेले आणि त्यानंतर पंधरा दिवसांतच मामा आमच्याकडे आले होते. घरातलेच कोणी गेल्यासारखे ते बोलत होते. मी त्यांना म्हणालो की धर्मेंद्र हा मुळात मारधाडीचा नट नव्हताच. मारधाडीचा ‘फूल और पत्थर’ आला त्याच १९६६ साली ‘अनुपमा’मध्ये त्यांनी मृदू स्वभावाचा लेखक रंगवला आणि १९६९ मध्ये ‘सत्यकाम’सारखा गंभीर चित्रपट केला. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि ‘सत्यकाम’ची पेटी आपल्याकडे आली होती, तिसऱ्या दिवशी परत गेली, एवढेच सांगितले.

पेटी हा शब्द नव्या वाचकांसाठी थोडा उलगडून सांगावा लागेल. भुसावळ हे रेल्वेचे जंक्शन म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. ते चित्रपटांच्या वितरणाचेही जंक्शन होते हे खान्देशाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. सी. पी. बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, हा प्रांत नकाशावरून कधीच पुसला गेला, पण चित्रपटधंद्याच्या वहीत त्या नावाचे सर्किट, म्हणजे वितरणाचे क्षेत्र, आजही आहे, आणि त्या सर्किटचे वितरक भुसावळ आणि अमरावती या दोन गावांत पेढ्या मांडून बसत. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही त्यांची संघटनाही भुसावळचीच. तिथून रिळांच्या पत्र्याच्या पेट्या गाडीत टाकल्या जात आणि अमळनेरच्या स्थानकावर मामा किंवा थिएटरचा पोऱ्या सायकल घेऊन त्या उतरवून घ्यायला उभा असे. मामांच्या सांगण्याप्रमाणे पेटी हातात घेतली की तिच्या कडांवरून कळे. ज्या पेटीच्या कडा चेपलेल्या ती पैसे देणारी, कारण ती गावोगाव आपटत आलेली असे. रडक्या सिनेमाची पेटी कोरी करकरीत.

असा हिशेब डोक्यात असलेल्या माणसाला मी तिसऱ्या रात्री ‘कॉप लँड’ दाखवला. जेम्स मँगोल्डने लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा १९९७ चा चित्रपट. त्यात रॉबर्ट डी नीरो, हार्वी कायटेल, रे लिओटा अशी अभिनयाच्या तालमीत मुरलेली मंडळी आहेत आणि त्यांच्या मधोमध, सगळ्यांत कमी बोलणारा, सिल्व्हेस्टर स्टॅलोन आहे. न्यू यॉर्कच्या पलीकडच्या काठावर, न्यू जर्सीत, पोलिसांनीच वसवलेले एक गाव आहे. तिथला हा शेरीफ. नदीपलीकडच्या शहराच्या पोलीस दलात जाण्याचे त्याचे स्वप्न होते, पण तरुणपणी पाण्यात बुडणाऱ्या मोटारीतून एका मुलीला वाचवताना त्याचा एक कान गेला आणि दलाचे दार बंद झाले. आता ज्यांच्यासारखे व्हायचे होते त्यांच्याच गावात तो लुटुपुटूचा अधिकार घेऊन राहतो, त्यांचे गुन्हे दिसत असूनही न दिसल्यासारखे करतो, आणि रात्री घरी रेकॉर्ड ऐकतो. एका कानाच्या माणसाला स्टिरिओ असला काय आणि नसला काय. या भूमिकेसाठी स्टॅलोनने सुमारे अठरा किलो वजन वाढवले होते आणि नेहमीच्या मानाने नाममात्र मोबदला घेतला होता. ज्याचे पोट हीच ज्याची पाटी, त्याने पोट सुटू द्यावे म्हणजे जळगावच्या सराफाने आपल्याच पेढीवर ‘आमच्या सोन्यात तूट आहे’ असा फलक लावण्यासारखे आहे.

पहिल्या दहा मिनिटांत मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याकडे निरखून पाहिले आणि आपल्या अहिराणीत विचारले, “हाऊ तोच शे का?”

“तोच आहे,” मी म्हणालो.

त्यानंतरचा तासभर मी चित्रपट कमी आणि मामांना जास्त पाहिले. कथा मी अधूनमधून मराठीत सांगत होतो, पण त्यांना तिची फारशी गरज दिसत नव्हती. गावातले पोलीस त्या शेरीफचा अपमान करीत होते, तो मान खाली घालून निघून जात होता, आणि दर वेळी मामांचा उजवा हात मांडीवर किंचित आवळला जात होता. “आते मारी,” ते पुटपुटत, म्हणजे आता मारेल. तो मारत नसे. पुढच्या प्रसंगात पुन्हा, “आते मारी.” पुन्हा नाही. मला आधी हसू आले आणि नंतर हसू थांबले, कारण माझ्या लक्षात आले की मी हा चित्रपट चार वेळा पाहिला तरी असा कधीच पाहिला नव्हता. मी प्रत्येक वेळी ‘स्टॅलोनसुद्धा अभिनय करू शकतो’ या कौतुकाने पाहिला होता. मामा एका अशा माणसाला पाहत होते ज्याला त्यांनी तीन आठवडे, रोज चार खेळ, मशीनगन घेऊन जंगल जाळताना चालवले होते, आणि तो हात का उचलत नाही हे त्यांना कळेना. त्या न उचललेल्या हाताचे जे वजन मामांना जाणवत होते, ते त्या जागी उत्तमातल्या उत्तम नटाला बसवले असते तरी आले नसते. डी नीरोने तीच भूमिका अधिक बारकाईने केली असती, यात मला शंका नाही. पण डी नीरो मारत नाही तेव्हा प्रेक्षकाची मूठ आवळली जात नाही.

मग शेवट आला. खलनायकांपैकी एक जण शेरीफच्या चांगल्या कानाजवळ पिस्तूल झाडतो आणि त्याचा उरलेला कानही बधिर होतो. त्यानंतरची सगळी चकमक आपल्याला त्याच्या कानाने ऐकू येते, म्हणजे जवळजवळ येतच नाही. दूर कुठे तरी विहिरीत दगड पडावेत तसे गोळ्यांचे आवाज आणि त्यावर एक बारीक शिट्टी. मामा ताडकन सरळ झाले.

“आवाज गया!”

आणि त्यांचा हात आपोआप सोफ्याच्या डाव्या बाजूला गेला, हवेत काही तरी चाचपडू लागला. नंतर त्यांनीच सांगितले की प्रोजेक्टरच्या साऊंड हेडमध्ये एक्सायटर लॅम्प नावाचा एक लहानसा दिवा असतो. पट्टीच्या कडेला छापलेला आवाज त्या दिव्याच्या उजेडावर वाचला जातो, आणि तो दिवा गेला की चित्र चालू राहते पण पडदा मुका होतो. मग खालून शिव्या, शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट. तो दिवा अंधारात, चालत्या मशीनवर, चटके सोसून बदलायचा. तीस वर्षांची ती सवय त्यांच्या हातात अजून होती. मी सांगितले की आवाज गेलेला नाही, दिग्दर्शकाने मुद्दाम तसे केले आहे. त्याला ऐकू येत नाही म्हणून आपल्यालाही येत नाही. मामा हळूहळू मागे टेकले. पडद्यावर तो जाडा, बहिरा, कानातून रक्त गळणारा शेरीफ एकटाच बंदूक घेऊन चालला होता, आणि ज्या मारामारीची मामा दीड तास वाट पाहत होते ती अखेर आली तेव्हा तिच्यात ‘ढिशूम’ नव्हते.

चित्रपट संपल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग, हा सिनेमा अमळनेरला चालला नसता, असा निर्वाळा त्यांनी दिला. का, असे विचारल्यावर म्हणाले, पब्लिकला वाटले असते ऑपरेटर झोपला.

हे त्यांनी हसत सांगितले असले तरी पुढे जे म्हणाले ते मला महत्त्वाचे वाटते. मी माझा जुना आक्षेप मांडला होता की शेवटी बंदूक हाती देऊन दिग्दर्शकाने कच खाल्ली. इतका वेळ संयम राखल्यावर शेवटही तसाच ठेवायला हवा होता. मामांना हे साफ नामंजूर होते. त्यांच्या मते स्टॅलोनचे नाव पोस्टरवर टाकले त्याच क्षणी प्रेक्षकाकडून उधारी घेतलेली असते. तिकीट घेणाऱ्याने मारामारीचे पैसे दिलेले असतात. ती उधारी किती लांबवायची आणि कोणत्या नाण्यात फेडायची हे दिग्दर्शकाने ठरवावे, बुडवू मात्र नये. इथे त्याने ती शेवटच्या रिळात, आवाज काढून घेऊन फेडली. हिशेब चुकता झाला. मी त्यावर दोन दिवस विचार केला आणि माझा आक्षेप मागे घेतला.

त्या चित्रपटाने स्टॅलोनचे फार भले केले असे नाही. समीक्षकांनी वाखाणले, व्यवसाय बेताचा झाला, आणि पुढची काही वर्षे ना धड मारामारीच्या ना धड गंभीर अशा चित्रपटांत गेली. पण इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण ती नेहमी विसरली जाते. ‘अमुक ॲक्शन हिरोने आता अभिनयाकडे वळायचे ठरवले आहे’ असे वाक्य आपण वर्तमानपत्रांत वाचतो तेव्हा त्यात असे गृहीत असते की तो आधी अभिनय करीत नव्हता. स्टॅलोन १९७६ मध्ये ‘रॉकी’ ही मुष्टियोद्ध्याची गोष्ट घेऊन आला तो गंभीर चित्रपटाचाच लेखक-नट म्हणून. पटकथा त्याची स्वतःची, आणि ऑस्करसाठी त्याचे नामांकन अभिनयासाठीही झाले व पटकथेसाठीही. १९८२ च्या ‘फर्स्ट ब्लड’मध्ये, म्हणजे रॅम्बोच्या पहिल्या चित्रपटात, एकच माणूस मरतो, तोही हेलिकॉप्टरमधून पडून, आणि चित्रपट संपतो तो युद्धात गेलेल्या मित्राच्या आठवणीने आपल्या जुन्या अधिकाऱ्यापुढे ढसाढसा रडणाऱ्या रॅम्बोवर. लोकांच्या डोळ्यांपुढे राहिला तो मात्र १९८५ चा, दुसऱ्या भागातला, डोक्याला पट्टी बांधलेला. मामांनीही तोच चालवला होता. रडणाऱ्या रॅम्बोची पेटी त्यांच्याकडे आलीच नव्हती. आली असती तर तिच्या कडा कोऱ्या राहिल्या असत्या, हे त्यांचे मत.

दुसऱ्या कोणत्या नटांनी असे केले, असे मामांनी विचारले तेव्हा मी नावे सांगितली. जॅकी चॅनने २००९ मध्ये ‘शिंजुकू इन्सिडेंट’मध्ये कुंग-फू बाजूला ठेवून जपानमध्ये चोरून राहणारा स्थलांतरित केला. व्हॅन डॅमने २००८ च्या ‘जेसीव्हीडी’मध्ये स्वतःचीच, उतरती कळा लागलेल्या नटाची, भूमिका केली आणि मध्येच कॅमेऱ्याकडे वळून कित्येक मिनिटे आपल्या आयुष्याचा पाढा वाचला. ती कबुली अनेकांना थोर वाटते. मला ती थोडी लाडिक वाटते. माफी मागणाऱ्याने आरशात पाहत मागितल्यासारखी.

श्वार्झनेगरविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण त्याचा ‘मॅगी’ हा २०१५ चा चित्रपट मी अगदी वेगळ्या कारणासाठी विसरू शकत नाही. एका साथीने माणसे हळूहळू प्रेतवत हिंस्र होत आहेत, आणि शेतकरी बापाच्या मुलीला लागण झाली आहे. ती बदलून जाईपर्यंतचे थोडे दिवस तो तिला घरी ठेवून घेतो. एवढीच गोष्ट. सदुसष्ट वर्षांचा, पांढरी दाढी वाढवलेला श्वार्झनेगर जवळजवळ काहीच करीत नाही. साथ पसरू नये म्हणून आजूबाजूची शेते जाळली जात आहेत आणि तो धुराकडे पाहत उभा राहतो. परीक्षणे लिहिणाऱ्यांपैकी काहींना तो चेहरा दगडी वाटला. ते रावेर-यावल भागात आले असते तर तसे म्हणाले नसते. केळीवर सीएमव्ही येतो, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, तेव्हा औषध नसते; पानांवर पिवळे पट्टे दिसू लागले की ते झाड उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करायचे, नाही तर मावा ते शेजारच्या झाडांवर नेतो. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने दोन महिन्यांची सगळी लागवड उपटली तेव्हा मी बांधावर होतो. तो रडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. उपटलेल्या रोपांच्या ढिगाशेजारी कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मला म्हणाला, चहा घेऊ या. चेहऱ्यावर काही नव्हते. ज्याचे दंड आयुष्यभर प्रत्येक संकटाला पुरून उरले, अशा माणसाचे दंड इथे उपयोगाचे नाहीत, हे श्वार्झनेगरच्या त्या काही न करणाऱ्या उभे राहण्यात मला दिसते. तोच प्रसंग एखाद्या साध्या देहयष्टीच्या नटाने केला तर ते दुःखच दिसेल, निरुपयोगी झालेले बळ दिसणार नाही.

मामांना हा चित्रपट दाखवला नाही. मेलेली माणसे चालतात असले काही त्यांना शस्त्रक्रियेनंतर नको, असे घरातून बजावण्यात आले होते.

आपल्याकडचे उदाहरण म्हणून लोक अमिताभ बच्चन यांचे नाव घेतात. मला ते इथे लागू वाटत नाही. त्यांची पुंजी देह नव्हती, आवाज आणि डोळे होते, आणि ते दोन्ही साठीनंतरही शाबूत राहिले. मला जास्त कोडे वाटते ते मिथुन चक्रवर्तींचे. १९७६ मध्ये मृणाल सेन यांच्या ‘मृगया’ या पहिल्याच चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘डिस्को डान्सर’ आणि मग मारधाडीच्या चित्रपटांची ती न संपणारी रांग. त्याच रांगेतून बाजूला होऊन १९९२ मध्ये बुद्धदेव दासगुप्तांच्या ‘ताहादेर कथा’मध्ये त्यांनी तुरुंगातून सुटून आलेला, मनाने मोडलेला क्रांतिकारक केला आणि दुसऱ्यांदा तोच पुरस्कार मिळवला. २०२२ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांना २०२४ मध्ये देण्यात आला. मामांनी मिथुनच्या चेपलेल्या पेट्या इतक्या उतरवून घेतल्या आहेत की थिएटरमालक मिथुनला ‘भाडेकरू’ म्हणत असे, दर महिन्याला हमखास पैसे देणारा. पण ‘ताहादेर कथा’ हे नाव त्यांनी माझ्याकडून पहिल्यांदा ऐकले. आणि ज्यांनी तो कोलकात्यात पाहिला त्यांच्यातल्या किती जणांनी अमळनेरच्या पिटात बसून मिथुनच्या ठोशाला नाणी उधळली असतील? ‘कॉप लँड’मध्ये मामांची मूठ आवळली गेली, कारण रॅम्बो पाहिलेला आणि शेरीफ पाहणारा माणूस एकच होता. मिथुनचे दोन प्रेक्षक एका छपराखाली कधी बसलेच नाहीत. त्यामुळे त्यांना दोन्ही मान मिळाले, पण एकाची सावली दुसऱ्यावर पडण्यात जे आहे ते बहुधा निसटले. मामांना हे पटले की नाही ठाऊक नाही. मिथुनला इतकी बक्षिसे मिळाली आणि आम्हाला कोणी सांगितले नाही, याचाच त्यांना जास्त राग आला.

फसणाऱ्या गंभीर भूमिकाही पुष्कळ आहेत आणि त्या फसण्याची तऱ्हा बहुधा एकच असते. नट ती भूमिका प्रमाणपत्र मिळवण्यासाठी घेतो. मग पांढरे केस, थरथरता हात, पाणावलेले डोळे आणि शेवटी एक लांब भाषण असा सगळा सरंजाम येतो. म्हातारपण हे त्याच्या अंगावर असूनही तो ते रंगवायला बसतो. नेमकी ज्याची गरज असते, म्हणजे एके काळी हे शरीर काय करू शकत होते याची आठवण, तीच तो लपवतो, कारण तिची त्याला लाज वाटू लागलेली असते. ही लाज समीक्षकांनी त्याला शिकवली, आणि हौशी लिहिणारा म्हणून मीही त्यात सामील होतो हे मला कबूल केले पाहिजे. गुडघ्यावर पडून उठणे, धावत येऊन थांबणे, मार खाल्लेला दाखवणे याला मी अभिनय म्हणत नव्हतो. संवाद आणि अश्रू एवढेच जमेला धरत होतो.

सहाव्या रात्री आम्ही ‘क्रीड’ पाहिला. २०१५ चा हा चित्रपट रायन कूगलरने दिग्दर्शित केला. रॉकीच्या गोष्टीतला हा पहिलाच चित्रपट जो स्टॅलोनने लिहिलेला नाही. त्यात रॉकी मुष्टियोद्धा नाही, जुन्या मित्राच्या मुलाला शिकवणारा, खानावळ चालवणारा, सत्तरीला टेकलेला विधुर आहे. स्मशानात जाऊन तो बायकोच्या थडग्यापाशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचतो. मग त्याला कर्करोग निघतो, आणि ज्या आजाराने बायको गेली त्याच्याशी झुंजायला तो आधी नकार देतो. या भूमिकेसाठी त्याला गोल्डन ग्लोब मिळाले आणि ऑस्करचे नामांकनही. त्याच पात्रासाठी पहिले नामांकन झाले होते त्याला एकोणचाळीस वर्षे उलटली होती. ऑस्कर मिळाले नाही, ते मार्क रायलन्सला गेले.

मामांना कर्करोगाचे प्रसंग फारसे भिडले नाहीत; आमच्या घरात तो आजार येऊन गेलेला आहे आणि पडद्यावर पाहण्याची त्यांना हौस नाही. ते थांबले ते शेवटच्या प्रसंगाला. फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या बाहत्तर पायऱ्या, ज्या १९७६ मध्ये हाच माणूस पहाटे धावत चढून वर दोन्ही हात उंचावून नाचला होता, त्याच पायऱ्या तो आता शिष्याच्या आधाराने, श्वास घेत, थांबत थांबत चढतो. मी आधी त्यांना जुन्या चित्रपटातला तो तुकडा फोनवर दाखवला होता. दोन्ही पाहून झाल्यावर ते म्हणाले, यात अभिनय कुठला, त्याला खरोखर चढवत नाही. मी म्हणालो, मामा, तेच तर. त्यावर त्यांनी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला आणि या वेळी काळा चष्मा काढून, पुढे वाकून (जे मना होते) नुसते त्याचे पाय पाहिले. मधल्या एका पायरीवर रॉकी थांबतो, तिथे त्यांनीही श्वास सोडला.

धर्मेंद्र यांचा शेवटचा चित्रपट ‘इक्कीस’ त्यांच्या निधनानंतर आला. १९७१ च्या युद्धात बसंतरच्या लढाईत एकविसाव्या वर्षी कामी आलेल्या परमवीर चक्र विजेत्या अरुण खेत्रपाल यांच्या वृद्ध वडिलांची भूमिका त्यात त्यांनी केली आहे. ज्यांनी ‘फूल और पत्थर’मध्ये अंगातला सदरा काढून भिकारणीच्या अंगावर घातला आणि त्या एका प्रसंगातल्या छातीवर पुढची तीस वर्षे राज्य केले, ते इथे मुलगा गमावलेला बाप आहेत. मामांना मी फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पेटी कोठे उनी?” मी म्हणालो, मामा, आता पेटी येत नाही, उपग्रहावरून थेट उतरते. त्यांना हे ठाऊक आहे. विचारायची सवय जात नाही.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी डोळा तपासून चांगले दिसते आहे असे सांगितले, आणि दुपारच्या गाडीने त्यांना अमळनेरला पोहोचवायचे ठरले. त्यांची पिशवी मी घेतली, त्यांनी कठडा धरला. वर चढताना प्रत्येक मजल्यावर थांबलेले मामा उतरताना मात्र न थांबता जातील अशी माझी समजूत होती. पण उतरणे गुडघ्यांना चढण्याहून वाईट असते हे मला त्या दिवशी कळले. दुसऱ्या मजल्यावरच्या वळणाशी ते थांबले, कठड्याला टेकले, काळा चष्मा कपाळावर सरकवून खालच्या पायऱ्या नजरेने मोजल्या आणि म्हणाले, “आठे इंटरवल.”